सोंगशियाची मोहोरबंद छत्री

मी एक छत्री बोलतेय. काळ्या कापडाची, आठ पोलादी काड्यांची, लाकडी मुठीची. तुमच्या दाराआड टांगलेली असते तशीच दिसते मी. पण मला कधी कुणी दुकानात विकायला ठेवलं नाही. मी नमुना आहे. एका कारखान्याने एका परदेशी बाईला शब्द दिला. तो शब्द कापडात शिवला, दांड्यावर बसवला, पिशवीत घालून मोहोरबंद केला. तो शब्द म्हणजे मी.

जरा मोठं बोलले का? असेल. आम्ही नमुने असेच असतो. मालाला रस्त्यावर झिजून मोठं व्हायला मिळतं. आम्हाला कपाटात बसून खरं राहायचं असतं, आणि त्याने माणूस काय, छत्रीसुद्धा थोडी फटकळ होते.

माझा जन्म सोंगशिया या चिनी गावातला. या गावात प्रत्येक घर छत्रीच्या कुठल्या ना कुठल्या अवयवावर जगतं. कुणी काड्या वाकवतं, कुणी दांडे कापतं, कुणी मुठी घासतं. लग्न जुळवतानाही इथे विचारतात, "मुलाकडची मंडळी काय करतात? दांडे की टोकं?" टोकंवाल्यांचा भाव जरा कमी.

माझी मालकीण ताओ मेइचिन. लग्न होऊन आली तेव्हा बाकीच्या बायकांसारखीच दारात बसून काड्यांवर कापड शिवायची. कडेवर मुलगी, तोंडात दोरा, आणि समोरच्या घरातल्या शेजारणीशी गप्पा. पुढे तिने दोन शिवणयंत्रं घेतली, मग दहा, मग गल्लीच्या टोकाला कारखाना उभा राहिला. तिच्या छत्र्या सातासमुद्रापार गेल्या, पण तिचं नाव मात्र गावाबाहेर गेलं नाही. मधला व्यापारी माल उचलायचा आणि त्यावर आपली किंवा तिसऱ्याच कुणाची पट्टी शिवायला लावायचा. या गोष्टीचा मला आजही राग येतो. बोटं एकीची आणि नाव दुसऱ्याचं, याला जगात व्यवहार म्हणतात!

म्हणूनच इग्नासियाबाई आल्या तो दिवस कारखान्यात सणासारखा होता. चिली देशात, पार दक्षिणेला, वाल्दिव्हिया नावाचं गाव आहे. तिथे त्यांची छत्र्यांची आणि रेनकोटांची दुकानं. त्या कुणा व्यापाऱ्यामार्फत आल्या नाहीत, थेट आल्या. आणि म्हणाल्या, "छत्रीच्या आत तुमच्या कारखान्याचं नाव असू द्या. माझ्या गिऱ्हाइकाला कळू दे, कुणी शिवली ते."

मेइचिनच्या मुलीने, यीनिंगने, हे भाषांतर करून सांगितलं. मेइचिनला ते खरं वाटेना. "परत विचार," ती म्हणाली. "आपलं नाव? की त्यांचं नाव आपण शिवायचं?"

"आपलं, आई. तुझं."

मेइचिन उठली आणि काही काम नसताना खिडकी पुसायला लागली.

यीनिंग हांगचौला कायदा शिकून नुकतीच परत आली होती. घरात तिला निंगनिंग म्हणत. करार तिनेच लिहिला आणि त्यात एक वाक्य मोठ्या अभिमानाने घातलं: लिखित वर्णन आणि मोहोरबंद नमुना यांत फरक आढळल्यास नमुना प्रमाण मानावा. आमच्याकडे हा जुना रिवाज आहे. कागद चुकू शकतो, भाषांतर चुकू शकतं, पण हातात धरलेली वस्तू खोटं कशी बोलेल?

"हे वाक्य कशाला?" मेइचिनने विचारलं.

"समोरच्याला विश्वास वाटतो, आई."

"मग घाल. विश्वासाला काय पैसे पडतात?"

पडतात. पण ते पुढे कळलं.

मला घडवलं जिन शिफूंनी. शिफू म्हणजे उस्ताद; कारखान्यात नवा आलेला कामगारही त्यांना याच नावाने हाक मारतो. नमुना बनवायचं काम त्यांचंच. इग्नासियाबाई चहा पिताना सहज बोलून गेल्या होत्या, "आमच्याकडे पाऊस आडवा येतो. समुद्रावरून वारा सुटला की छत्री कोलांटी उडी मारते. सांध्यावर घासून कापड फाटतं. माझ्या गावात लोक छत्रीला शिव्या देत देतच हिवाळा काढतात."

जिन शिफूंनी यीनिंगला विचारलं, "वारा कुठल्या बाजूने येतो, विचार."

"सगळ्या बाजूंनी, म्हणतायत."

"हं," शिफू म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळा कारखाना रोजच्यासारखा टेबलावर डोकं टेकून झोपला होता. इथे दुपारची डुलकी म्हणजे हक्क; त्या वेळात मालकीणसुद्धा कुणाला हाक मारत नाही. फक्त शिफू जागे होते. त्यांनी उरलेल्या कापडातून छोट्या छोट्या गोल चकत्या कापल्या. माझ्या प्रत्येक काडीच्या सांध्याभोवती एक चकती गुंडाळली, म्हणजे पोलाद कापडाला घासणार नाही. मग प्रत्येक काडीला, जिथे एक टाका घालायची रीत, तिथे दोन टाके घातले. करारात यातलं काही नव्हतं. शिफूंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. हात चालला म्हणून चालला. एका न पाहिलेल्या गावातला वारा त्यांच्या डोक्यात शिरला होता, बस्स.

माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही तशीच घडली. एक नमुना विकणाऱ्याकडे राहतो, एक घेणाऱ्याकडे जातो.

मोहोर करायच्या दिवशी भलतीच घाई होती. नदीकाठच्या खानावळीत जेवण सांगितलेलं. इग्नासियाबाईंनी मला उघडलं, फिरवलं, आत डोकावल्या. त्यांचं बोट माझ्या एका चकतीवर थांबलं. त्या काहीतरी बोलल्या, हसल्या. पण यीनिंग फोनवर होती. "हो हो, निघालोच, मासा आत्ताच वाफवायला ठेवू नका!" त्यामुळे ते बोलणं कुणी भाषांतर केलंच नाही.

मेइचिन मला उघडून बघायला लागली, तसा तिचा थोरला भाऊ ग्वोल्यांग दारातून ओरडला, "अगं, जिन शिफूंच्या हातचा नमुना कसला तपासतेस? मासा गार होतोय!" ग्वोल्यांग समोरच्याच गल्लीत छत्रीच्या मुठी बनवतो, आणि जेवणाच्या वेळेला त्याच्याइतका वक्तशीर माणूस गावात नाही.

मेइचिनने मला मिटलं. पारदर्शक पिशवी, तोंडावर चिकटवलेली पांढरी पट्टी, पट्टीवर दोघींच्या सह्या, आणि कारखान्याचा लाल गोल शिक्का, अर्धा पट्टीवर, अर्धा पिशवीवर. मी कपाटात गेले. बहीण तशीच मोहोरबंद होऊन इग्नासियाबाईंच्या बॅगेत गेली.

मासा चांगला झाला होता म्हणे.

त्यानंतर माल तयार झाला. करारातल्या वर्णनाप्रमाणे, सरळ, चोख: प्रत्येक काडीला एक टाका, चकती नाही. आत छोटी पट्टी: "ताओ मेइचिन, सोंगशिया". नववर्षाच्या सुट्टीआधी निंगबो बंदरातून माल निघाला. मी कपाटाच्या काचेतून सगळं बघत होते, पण पिशवीतून कुणाला काही सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या छत्र्या वाईट होत्या का? अजिबात नाही. साध्या गावच्या साध्या पावसाला उत्तम. पण वाल्दिव्हियाचा पाऊस साधा नव्हता, आणि त्या बाईंना दाखवली होती मी.

आमच्याकडे आषाढासारखा चिकट पाऊस सुरू झाला होता, तेव्हा तिकडे हिवाळा लागला. आणि इग्नासियाबाईंचा निरोप आला. यीनिंगने तो मोठ्याने वाचला आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. सांध्यावर कापड फाटतंय, गिऱ्हाइकं परत येतायत. नमुना मी पिशवीतूनच समोर ठेवून पाहिला, नमुन्यात जे आहे ते मालात नाही. विक्री थांबवली आहे. उरलेला माल परत न्या, आणि पुढच्या वर्षीचं बोलणं विसरा.

"नमुन्यात काय आहे?" मेइचिन म्हणाली. "नमुन्यात काय आहे असं?"

त्या क्षणी शिफूंच्या हातातलं जेवणाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. वाळवलेल्या भाजीतलं डुकराचं मांस, त्यांच्या आवडीचं, तसंच राहिलं.

"मालकीणबाई," ते म्हणाले, "चकत्या."

त्यांनी सगळं सांगितलं. मेइचिन ऐकत राहिली. मग म्हणाली, "शिफू, तुम्हाला काय वाटलं, तुमच्या मुलीचं लग्न आहे? नमुना शिवायचा होता, हुंड्याची रजई नाही!"

"वारा सगळ्या बाजूंनी येतो म्हणाली."

"वारा येतो म्हणाली! उद्या कुणी म्हणालं आमच्याकडे वाघ येतो, तर काड्यांना बंदूक बांधाल?"

कुणी हसलं नाही. शिफूही नाही. मेइचिन खुर्चीत बसली. मला काचेतून तिचा चेहरा दिसत होता. माल परत येण्याचं दुःख मोठं होतंच, पण तिच्या डोळ्यांपुढे ती छोटी पट्टी होती, हे मला कळत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव कुठेतरी गेलं होतं, आणि गेलं ते फाटलेल्या छत्रीत बसून.

यीनिंग मात्र पेटून उठली. "आई, ऐक. यात वाट आहे. तू चकत्या असलेली छत्री विकायला कधी तयार झालीच नव्हतीस. तुला माहीतच नव्हतं. कायद्यात याला गंभीर गैरसमज म्हणतात. अशा गैरसमजाने झालेली गोष्ट रद्द करून मागता येते. मी बाजू मांडते. आपण जिंकू शकतो."

"आणि ते वाक्य? नमुना प्रमाण?"

यीनिंगचे कान लाल झाले. "ते… मीच लिहिलं ना."

"फार शिकलीस हो," मेइचिन म्हणाली. पण हात मात्र तिच्या पाठीवर ठेवला.

इग्नासियाबाई स्वतः येतायत असं कळलं. शाओशिंगच्या व्यापारी मध्यस्थी केंद्रात दोघींनी समोरासमोर बसायचं, आपापला मोहोरबंद नमुना आणायचा, असं ठरलं.

जायच्या आदल्या दुपारी ग्वोल्यांग आला. कारखाना डुलकीत होता. मेइचिन स्वयंपाकाच्या कोपऱ्यात चहाचं पाणी ठेवत होती. त्याने कपाट उघडून मला सरळ बाहेर काढलं.

"मेइचिन, तुझी मुलगी कायदा शिकली, पण जग मी बघितलंय. पट्टी वाफेवर धर, अलगद सुटते. नववर्षाची लाल पाकिटं मी लहानपणी अशीच उघडायचो, आईला आयुष्यभर कळलं नाही."

"आईला कळायचं. ती मुद्दाम कमी पैसे घालायची."

"बरं, ते सोड. ही काढ, साधी घाल, पट्टी परत चिकटव. सह्या त्याच, शिक्का तोच. तिची छत्री वेगळी निघाली तर आपण म्हणायचं, तिनेच बदलली."

"दादा!"

"दादा काय? ती म्हणेल तिची खरी, आपण म्हणू आपली खरी. इथले लोक कुणाचं ऐकतील? आपलं की समुद्रापारच्या बाईचं?"

हेच ते वाक्य! हे मी कपाटात बसून, कारखान्यातल्या टीव्हीवर, देशोदेशींच्या पुढाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या काड्या वळतात. आपला तो खरा, परका तो खोटा. एक देश जकात वाढवतो, दुसरा त्याहून वाढवतो, आणि प्रत्येक जण शपथ घेतो की फसवणूक समोरच्याने सुरू केली. व्यापार म्हणजे शेवटी काय हो? मी कधी न पाहिलेल्या माणसाने मी कधी न पाहिलेल्या गावात माझ्यावर टाकलेला भरवसा. तो वाफेवर सोडवायचा?

मेइचिनने मला हातात घेतलं. किटलीला वाफ आली होती. तिने पिशवीचं तोंड वाफेजवळ नेलं. मला ऊब लागली. पट्टीची एक कड मऊ झाली, सुरकुतली, किंचित वर आली.

मला ओरडायचं होतं. छत्रीला ओरडता येत नाही.

पिशवीवर वाफेचं पाणी जमलं होतं. मेइचिनने ते अंगठ्याने पुसलं, आणि मिटलेल्या कापडाच्या घडीतून माझ्याही आत शिवलेली ती छोटी पट्टी तिला दिसली. तिचंच नाव.

"दादा," ती म्हणाली, "ही काढली तर हिच्यातल्या नावाचं काय करू?"

"दुसरीतही तेच नाव असेल की."

"तेच तर. मग माझं नाव नेमकं कुठल्या छत्रीवर आहे, हे मलाच कळणार नाही."

तिने गॅस बंद केला.

"चहा?" ग्वोल्यांगने विचारलं.

"घरी जाऊन पी."

दुसऱ्या दिवशी मध्यस्थी केंद्रात मी मेइचिनच्या मांडीवर होते. मध्यस्थ होते छ्यू सर, एक निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या हातात चहाच्या पानांनी भरलेला थर्मास. समोर इग्नासियाबाई, त्यांच्यापुढे माझी बहीण. तिची पिशवी प्रवासाने मळली होती, पण पट्टी ताठ. मी लाजले. माझी पट्टी एका कडेला सुरकुतलेली होती.

छ्यू सरांनी आम्हा दोघी छत्र्यांना जवळ ठेवलं, चष्मा वर केला, खाली केला. त्यांचं बोट माझ्या सुरकुतीवर थांबलं.

"ताओ मालकीणबाई, ही पट्टी ओली झाली होती?"

यीनिंगने आईकडे पाहिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पावसाळा होता. कपाटात ओल येते, असं म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. मीसुद्धा मनात म्हटलं, म्हण ना, ओल आली.

"हो," मेइचिन म्हणाली. "काल मी ती किटलीच्या वाफेवर धरली होती. उघडणार होते. उघडली नाही."

"आई!" यीनिंग पुटपुटली.

"भाषांतर कर," मेइचिन म्हणाली.

यीनिंगने भाषांतर केलं. करताना तिला दोनदा थांबावं लागलं. इग्नासियाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

छ्यू सर म्हणाले, "एवढी वर्षं खुर्चीवर बसलो. पट्टी ओली कशी झाली, याची उत्तरं पुष्कळ ऐकली. छपरातून गळलं, मांजर बसलं, सुनेने सूप सांडलं. हे उत्तर पहिल्यांदाच ऐकतोय. आणा ती कात्री."

दोन्ही पिशव्या कापल्या. पहिली बहीण उघडली. मग मी. मोहोर झाल्यानंतर पहिल्यांदाच माझं कापड ताणलं गेलं, काड्या कटकन जागेवर बसल्या. छ्यू सरांनी दोघींना दोन हातांत धरून उलटं केलं. चकत्या होत्या. तिच्यातही, माझ्यातही. दोन-दोन टाके, तिच्यातही, माझ्यातही.

बघा गंमत. ज्या चकत्यांमुळे मेइचिन हरणार होती, त्याच चकत्या आता तिच्या बाजूने बोलत होत्या. छत्री बदलली असती, तर त्या माझ्यात नसत्याच. मी त्या वेळी इतकी ताठ उभी राहिले की छ्यू सरांच्या हातून जवळजवळ निसटलेच.

"आता बोला," छ्यू सर म्हणाले. "तुमची बाजू कोण मांडतंय?"

यीनिंग उठली. तिच्याकडे गंभीर गैरसमजाची सगळी तयारी होती. तिने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "मांडू?"

"तुला काय वाटतं?"

यीनिंगने हातातले कागद मिटले. "मला वाटतं, आपण कदाचित जिंकू. पण त्यांना दाखवली ही, आणि पाठवली ती. हे खरं आहे."

"मग बस खाली." मेइचिन स्वतः उभी राहिली. "सर, नमुना मी बघितला नाही. मासा गार होत होता. पण सही माझी आहे. जे दाखवलं तेच द्यायला हवं होतं. चूक आमची."

इग्नासियाबाई भाषांतर संपायची वाट बघत होत्या. मग बोलल्या, आणि या वेळी यीनिंग फोनवर नव्हती. "मी त्या दिवशी या चकतीवर बोट ठेवून म्हणाले होते, हे ज्याने केलंय त्याने माझं बोलणं ऐकलंय. मी सही केली ती याच्यासाठी. माल आला तेव्हा वाटलं, मला दाखवायला एक आणि द्यायला एक. राग त्याचा होता. आता विचारते, ही चकती लावली कुणी?"

आमच्याबरोबर आलेले जिन शिफू भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला, वर्गात चूक सापडल्यासारखा.

"वारा सगळ्या बाजूंनी येतो म्हणालात ना," ते म्हणाले.

इग्नासियाबाई हसल्या. मग मेइचिनही हसली, आणि मग खोलीत हवा आली.

माल परत आणून काय करायचं, असा प्रश्न निघाला. समुद्रावर पुन्हा एवढा प्रवास, बंदरं, जकातीचे अधिकारी, आणि शेवटी भंगार? छ्यू सरांनी थर्मासमधून घोट घेतला आणि विचारलं, "छत्र्या तिकडे आहेत, चकत्या इकडे. यातलं हलकं काय?"

मेइचिनने शिफूंकडे पाहिलं. "शिफू, पासपोर्ट आहे का?"

"मी हांगचौच्या पुढे कधी गेलो नाही!"

"नसेल तर काढा. केलंय ते निस्तरायला जा."

असा निवाडा झाला. चकत्या, दोरा आणि शिफूंचं तिकीट मेइचिनचं. शिवायला बायका आणि शिफूंची राहण्याची सोय इग्नासियाबाईंची. फाटलेल्या छत्र्यांच्या बदल्यात नव्या. आणि आतली नावाची पट्टी तशीच राहायची.

मेइचिनने ते शेवटचं दोनदा भाषांतर करून घेतलं.

बाहेर पडल्यावर यीनिंग म्हणाली, "आई, किटलीचं मला आधी का नाही सांगितलंस? मी वकील आहे तुझी."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू म्हणाली असतीस, ओल आली म्हणून सांग."

यीनिंगचे कान पुन्हा लाल झाले. म्हणजे म्हणाली असती.

शिफू वाल्दिव्हियाला गेले. चकत्यांनी भरलेली पेटी, गरम पाण्याचा थर्मास आणि तिथे मिळणार नाही या भीतीने वाळवलेल्या भाजीची भलीमोठी पुडी. तिकडून रोज जेवणाच्या वेळी फोनवर त्यांचा चेहरा दिसायचा. मागे गोदामात बायका बसलेल्या, मांडीवर छत्र्या, तोंडात दोरा, आणि गप्पा. भाषा कळत नव्हती, पण मेइचिन बघता बघता म्हणाली, "अगं बाई, ही तर आपलीच गल्ली."

"पाऊस कसा आहे?" सगळे विचारायचे.

"आडवा!" शिफू ओरडायचे. "बाई खरं बोलत होती! खरोखर आडवा!" जणू त्यांनाच कुणी खोटं ठरवलं होतं.

त्या बायका त्यांना "माएस्त्रो" म्हणतात, हे त्यांनी परत आल्यावर निदान महिनाभर, विचारलं नसतानाही, प्रत्येकाला सांगितलं. ग्वोल्यांगने विचारलं, "म्हणजे काय?" शिफू म्हणाले, "शिफूच. फक्त जास्त आदराने."

आणि मी? मोहोर कापली की नमुन्याची नोकरी संपते. आता मी कुठल्या वादात पुरावा नाही. माझ्या जागी कपाटात नवा नमुना आला आहे. पुढच्या हिवाळ्याचा करार झाला आणि त्या वेळी मेइचिनने प्रत्येक टाका मोजत नमुना असा तपासला की खानावळीतला मासा दोनदा गरम करावा लागला. बहीण वाल्दिव्हियातल्या दुकानाच्या काचेत उघडी उभी असते असं ऐकते. मला थोडा हेवा वाटतो, पण थोडाच.

मी शिवणाच्या टेबलांवर टांगलेली असते, पूर्ण उघडी, टोक वर, पोट खाली करून. नव्या मुली माझ्याकडे बघून चकती गुंडाळायला शिकतात. अगदी समाधानात आहे मी. कापडावर दोऱ्यांचा आणि चहाचा वास बसलाय. दुपारी सगळे डुलकी घेतात तेव्हा पंख्याच्या वाऱ्यावर मी किंचित फिरते आणि खाली टेकलेली डोकी बघते.

एकच मागणं आहे, आणि ते मी घाईघाईने मागणार आहे, कारण माझ्यात फार धीर नाही. तुमच्या हातात परदेशातली एखादी वस्तू आली, तर ती स्वस्त म्हणून तिच्यामागचा शब्दही स्वस्त असेल असं धरून चालू नका. आत एकदा डोकावून बघा, बोट फिरवून बघा. आणि तुम्हीच काही विकत असाल, तर जे दाखवाल तेच द्या. कायद्याला घाबरून नको. कायद्यात वाटा पुष्कळ असतात, यीनिंग सांगेल तुम्हाला. समोरच्याने आपलं ऐकलंय, असं वाटणारा एक माणूस समुद्रापार असतो. त्याच्यासाठी.

परवाच एक नवा मुकादम आला होता. जागा मोकळी करायची म्हणून त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मालकीणबाई, ही जुनी काढून विकायची का?"

मेइचिनने शिवणातून मान वर केली नाही. दोरा दाताने तोडला.

"ही नाही," ती म्हणाली. "हिच्यासारख्या."